अमेरिकेचे त्र्याण्णव, नळदुर्गचे पंच्याण्णव

रुद्रम्माचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. हैदराबादकडून येणारी एक ट्रॅव्हल्स त्या वेळेला नळदुर्गच्या हायवेवर ढाब्यापाशी थांबायची आणि तिच्या ब्रेकचा फुस्स आवाज पत्र्याच्या खोलीत स्पष्ट यायचा. उठायचं, पाणी तापवायचं, चार भाकरी थापायच्या, सासऱ्यांच्या दोन झाकून ठेवायच्या, स्वतःच्या दोन फडक्यात बांधायच्या आणि साडेपाचच्या आत घर सोडायचं. पेट्रोलपंप दीड किलोमीटरवर. ती चालत जायची. पाळी सहाला लागायची, पण ती पंधरा मिनिटं आधी पोचायची. गिऱ्हाईक यायच्या आधीचं कामच खरं काम, असं तिचं मत होतं.

ते काम असं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचं. मापाच्या लांब काठीच्या टोकाला एक लेप लावायचा आणि काठी तळापर्यंत सोडायची. टाकीत पाणी उतरलेलं असलं तर लेपाचा रंग बदलतो. मग मशिनीतून थोडं तेल काचेच्या उंच भांड्यात घ्यायचं. तिकडं पेट्रोललाही तेलच म्हणतात. त्यात तापमापी आणि डेन्सिटी मोजायची काचेची नळी सोडायची, ती स्थिर होऊ द्यायची, आणि गुडघ्यावर बसून डोळा तेलाच्या पातळीला आणून आकडा वाचायचा. उभ्यानं वाचला तर आकडा खोटा येतो. शेवटी तक्त्यात बघून तो पंधरा अंशांवर बदलून घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

पंपावरची बाकीची माणसं कालचाच आकडा उतरवून काढायची. एकानं तिला विचारलंही होतं, "अक्का, कालचं तेल अन् आजचं तेल येगळं असतंय का? टाकी तीच की."

"तेल तेच आसंल," ती म्हणाली होती, "पर ऊन तेच न्हाई. आकडा उन्हासंगट बदलतोय."

चौदा वर्षं तिनं हे काम एकही सकाळ न चुकवता केलं. पंपाचे मालक योगीराजशेठ. त्यांनी तिला ठेवून घेतलं तेव्हा त्या पट्ट्यात नोझल हातात धरणारी दुसरी बाई नव्हती. पहिल्या महिन्यात तिचे पाय संध्याकाळी चपलेत मावायचे नाहीत. आठ तास सिमेंटवर उभं राहायचं, एप्रिलमध्ये तेच सिमेंट तव्यासारखं तापायचं. दुसऱ्या महिन्यात तिनं पोत्याच्या चार घड्या मशिनीपुढं टाकल्या आणि त्यावर उभी राहू लागली. तक्रार केली नाही.

पगार कशासाठी होता, हे सगळ्या पंपाला ठाऊक होतं. रुद्रम्माचं माहेर सास्तूर. त्र्याण्णवच्या भूकंपात ती नऊ वर्षांची होती. तिची आजी माळवदाच्या, म्हणजे घराच्या मातीच्या छताच्या, ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतर पत्रा सोडून दुसऱ्या कशाखाली तिला झोप लागेना. पण नळदुर्गच्या उन्हात पत्र्याखाली दुपारी माणूस शिजतो. म्हणून तिनं ठरवलं होतं, घर बांधायचं तर कॉलम-बीमचं, लोखंडात एक सळईसुद्धा कमी न करता, आणि वर स्लॅब. नवरा गुंडप्पा ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या कमाईत घर खायचं. बांधकाम तिच्या पगारातून चालायचं, म्हणून सावकाश चालायचं. एका वर्षी पाया, दोन वर्षांनी कॉलम, मग भिंती. तीन उन्हाळे त्या भिंती तशाच उभ्या होत्या. वर आभाळ आणि कॉलममधून आलेल्या गंजक्या सळया. समोरच्या पत्र्याच्या खोलीतून ती त्यांच्याकडं रोज बघायची. पंपावरचं काम गेलं असतं तर भिंती तशाच राहिल्या असत्या.

ते काम जाता जाता राहिलं, त्याची ही हकिकत. चार उन्हाळ्यांपूर्वीची.

तेव्हा पंपावर दोन तेलं मिळायची. एक साधं, एक्क्याण्णव ऑक्टेनचं. दुसरं महागाचं, पंच्याण्णवचं. या दुसऱ्याला लोक 'पॉवर' म्हणायचे, आणि या एका शब्दानं रुद्रम्माचं डोकं उठायचं. सोलापूरला कंपनीनं एक दिवसाचं शिक्षण ठेवलं होतं. तिथं शिकवणाऱ्यानं सांगितलेलं तिनं पक्कं धरलं होतं. ऑक्टेन हा ताकदीचा आकडा नाही. इंजिनात तेल आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते, मग भडका उडतो. दाब फार झाला तर काही तेल ठिणगीची वाट न बघता आपसूक पेटतं आणि पिस्टनवर अवेळी हातोडा बसतो. तेल किती दाबापर्यंत दम धरतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. ज्या इंजिनात दाबच कमी, त्याला जास्त दमाचं तेल घालून काही मिळत नाही.

एकदा जुन्या स्कूटरवरचे एक गुरुजी तिला म्हणाले, "अक्का, आज पॉवर टाका. चढाला धापा टाकायलीय गाडी."

"गुरुजी, फिल्टर कधी बदललाव?"

"तुमच्या लग्नाच्या आधी आसंल."

"मंग आधी ते बदला. ह्यानं गाडीला काय व्हनार न्हाई, खिशाला मातूर व्हईल."

योगीराजशेठनी केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रुद्रम्मा, तू पंप चालवायलीस का बंद पाडायलीस?"

"शेठ, गुरुजी परत यायला पायजेत का न्हाई?"

गुरुजी परत आले, नवीन फिल्टर लावून. शेठ पुटपुटले, पण तिला काही बोलले नाहीत.

पंच्याण्णव खरोखर ज्याला लागायचं असं गिऱ्हाईक पंपाला एकच होतं. इंद्रजित. द्राक्षबागायतदार आबारावांचा मुलगा, वय पंचवीस-सव्वीस. घरचे ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, सगळ्यांचं डिझेल याच पंपावरून. इंद्रजितनं टर्बोची एक जुनी जर्मन गाडी घेतली होती, गडद निळी, जमिनीला टेकलेली, आणि पुण्यात नेऊन तिचं ट्यूनिंग करून आणलं होतं. इंजिनाला हवा किती दाबायची, तेल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्या हिशेबाला ट्यून करणारे 'मॅप' म्हणतात. कारखान्याचा मॅप काढून ट्यूनरनं अमेरिकेतल्या कुणा कंपनीचा विकत घेतलेला मॅप चढवला. गाडीची ताकद एकशेऐंशी घोड्यांवरून अडीचशेच्या घरात गेली. पंपावर आली की हवा भरणारासुद्धा पाइप सोडून बघायला यायचा.

जानेवारीत इंद्रजित पहिल्यांदा ही गाडी घेऊन आला, तेव्हा त्यानं रुद्रम्माला विचारलं होतं. "अक्का, ट्यूनरनं त्र्याण्णव ऑक्टेन तरी पायजे म्हणून लिहून दिलंय. तुमचं पंच्याण्णव चालंल न्हवं?"

"त्र्याण्णव मागायलेत, पंच्याण्णव मिळायलंय," ती म्हणाली होती. "दोन जास्तच की. टाका बिनघोर."

थंडीत काही झालं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेनऊला, निळी गाडी मशिनीपाशी न थांबता थेट केबिनपुढं येऊन उभी राहिली. इंद्रजित उतरला आणि दार एवढ्या जोरात लावलं की शेठ चहाचा कप ठेवून बाहेर आले.

"तेलात काय मिसळताव तुमी?"

"काय झालं, इंद्रजितराव?"

"बोरी नदीच्या पुलावरून चढ घ्यायलो तर इंजिन खडखड वाजायलंय. डब्यात खडे टाकून हलवल्यागत. बिरदेवनं प्लग काढून बघितले. म्हणला, तेलाचा दम कमी पडायलाय."

बिरदेव म्हणजे हायवेवरच्या गॅरेजचा मेस्त्री. तो मागच्या सीटवरून उतरला. हातात रुमालात गुंडाळलेला एक प्लग होता. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर चमकणारे बारीक ठिपके होते. "पिस्टनचा धातू उडायलाय, शेठ. आसंच चाललं तर महिनाभरात भोक पडंल. इंजिनात दुसरं काय खराब न्हाई."

रुद्रम्मा नोझल जागेवर ठेवून आली. तिनं कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पंच्याण्णवच्या मशिनीतून भांडं भरलं, गुडघ्यावर बसली, आकडा वाचला, तक्ता लावला. सकाळच्या आकड्याशी जुळला. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला. दोन मिनिटांत उडून गेला, डाग राहिला नाही.

"तेल चोख हाय, दादा."

"मंग तू मला पंच्याण्णव दिलंच न्हाईस. साधं भरलंस."

तिनं वही आणली. इंद्रजितनं टाकी भरली त्या दिवशी पंच्याण्णवच्या मशिनीवर सकाळी आणि दुपारी काय आकडा होता, मधे किती तेल गेलं, सगळं लिहिलेलं होतं. इंद्रजितनं वही हातात घेतली नाही.

"वही तुझीच, अक्षर तुझंच. म्या काय बघू?" तो शेठकडं वळला. "शेठ, लाखाचं इंजिन हाय. ही बाई उद्यापासून हितं दिसली, तर आमच्या घरचा एक टेम्पोसुद्धा हितं वळणार न्हाई. आन् तुमच्या पंपाचा व्हिडिओ बी टाकतो."

योगीराजशेठनी घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण आबारावांच्या घरचं डिझेल म्हणजे पंपाचा चौथा हिस्सा. "रुद्रम्मा, उद्या दुपारपर्यंत काय ते कळलं पायजे. न्हाईतर मला तुला थांबवावंच लागंल बग."

तिनं हात ओच्याला पुसले आणि इंद्रजितला म्हणाली, "दादा, ट्यूनरचा कागद दावता का एकदा?"

"तुला काय कळणार त्यातलं? धावीपर्यंत शिकलेली तू."

"धावी पास हाय. आकडे वाचता येत्यात."

त्यानं फोन तिच्या पुढं धरला, लांबूनच. इंग्रजी मजकुरात तिला त्र्याण्णव सापडलं. त्याच्या पुढं तीन अक्षरं होती, ए, के, आय. तिनं मान वळवून पंच्याण्णवच्या मशिनीवर चिकटवलेला कंपनीचा कागद पाहिला. तिथं पंच्याण्णवच्या पुढं आर, ओ, एन होतं. हा कागद ती चौदा वर्षांत हजारदा पुसत आली होती. तिनं पेनानं ती सहा अक्षरं तळहातावर लिहून घेतली.

दोनला पाळी सुटली. घरी आली, भाकरीला हात लावला नाही. सासरे शिवलिंगप्पा दारात लिंबाच्या सावलीला बाजेवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. कानानं कमी, डोक्यानं नाही. सून जेवत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, आणि तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ओरडून सांगायचं म्हणजे थोडक्यातच सांगावं लागतं.

"मामा, गाडी त्र्याण्णव मागायलीय. आमी पंच्याण्णव घालतोय. तरी बी कमी पडायलंय."

म्हातारा म्हणाला, "कोणते त्र्याण्णव? हाली का कलदार?"

"आता पैशाचं कुठं काढलाव, मामा?"

"आगं, ऐक रुद्रव्वा. निजामाच्या राज्यात हितं हाली रुपया चालायचा. सोलापुरात इंग्रजाचा कलदार. माझा बाप शेंगा घिऊन सोलापूरला जायचा. एका वर्साला म्या बी गेलतो, धा वर्साचा आसंन. अडत्यानं सांगितलं, शेंगाचे पंच्याऐंशी रुपये. बाप जाग्यावरून हालंना. म्या बापाला म्हनलं, दादा, गावात तर नव्वद द्यायलते, परत जाऊ. बापानं पाठीत धपाटा घातला. म्हनला, गावातले नव्वद हाली व्हते, हे पंच्याऐंशी कलदार हायत. इथले पंच्याऐंशी म्हंजे गावातले शंभर भरत्यात. दोन्हीला रुपयाच म्हणायचे, पर माप येगळं."

रुद्रम्मानं तळहात उघडून पाहिला. घामानं अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

ती तशीच उठली आणि भर उन्हात बिरदेवच्या गॅरेजवर गेली. बिरदेव गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते.

"बिरदेव, भाईर ये. तुज्या फोनवर एक बघायचंय."

"अक्का, जेवलाव का?"

"आधी बघ."

बिरदेवनं हात पुसले आणि सहा अक्षरं फोनमध्ये टाकली. इंग्रजी वाचायला त्याला वेळ लागायचा, पण यंत्राचं असलं की तो सोडायचा नाही. दोघं पालथ्या डब्यांवर बसून अर्धा तास ते वाचत होते. मग उलगडलं. तेल किती दम धरतं याची परीक्षा दोन तऱ्हेनं घेतात, एक सौम्य, एक कडक. एकच तेल सौम्य परीक्षेत जास्त मार्क मिळवतं, कडक परीक्षेत कमी. आपल्याकडच्या पंपावर सौम्य परीक्षेचे मार्क लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून तिकडचा आकडा दिसायला लहान. तिकडचे त्र्याण्णव म्हणजे आपले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव.

बिरदेवनं डोक्याला हात लावला. ग्रीसचा पट्टा कपाळावर उमटला. "म्हंजे गाडीला अठ्ठ्याण्णव पायजे व्हतं, आन् आपण पंच्याण्णव घालायलो. थंडीत निभलं, ऊन वाढलं तसं वाजाया लागलं."

"ते त्र्याण्णव कलदार हायत," रुद्रम्मा म्हणाली. "आपले पंच्याण्णव हाली."

"आँ?"

"काय न्हाई. उद्या बाराला इंद्रजितदादांसंगट गाडी घिऊन ये. तेल उपसू नकोस. हाय तेच राहू दे टाकीत."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सगळे पंपावर होते. शेठ, इंद्रजित, बिरदेव. रुद्रम्माची पाळी चालूच होती. तिनं हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं, पावती दिली, मग आली. सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. दोन परीक्षा, दोन आकडे. शेवटी म्हणाली, "शेठ, एक माझी बी चूक हाय. जानेवारीत दादांनी मला इचारलं व्हतं, पंच्याण्णव चालंल का म्हणून. म्या आकडा बघितला, माप इचारलं न्हाई. चालंल म्हणलं."

शेठनी डोळे मोठे केले. हे तिनं सांगितलं नसतं तर कुणाला आठवलं नसतं. आता मात्र इंद्रजितला आठवलं.

"मंग तर तुजीच चूक झाली की!" तो म्हणाला. "आन् हे अमेरिकेचं, दोन परीक्षांचं, कशावरून खरं मानू? फोनवर काय बी लिवतेत."

"मानू नका. करून बघा," ती म्हणाली. "तुमच्या ट्यूनरनं कारखान्याचा मूळ मॅप ठिवलाय का?"

"ठिवलाय. माझ्याकडंच हाय, मॅप चढवायच्या त्या डबीत."

"मंग तेल बदलू नका. मॅप बदला. टाकीत तेच तेल, वरतून तेच ऊन, तोच चढ, गाडीत तेवढीच माणसं. तेल खोटं आसंल तर तरी बी वाजंल. न्हाई वाजलं, तर तेलाची चूक न्हाई."

बिरदेव हसू लपवायला गाडीचं बॉनेट उघडून आत वाकला.

आधी आहे त्याच मॅपवर चढ घ्यायचा असं तिनंच ठरवलं. नाहीतर कशाशी ताडून बघणार? इंद्रजित गाडी चालवायला, बिरदेव शेजारी, मागं शेठ आणि रुद्रम्मा. असल्या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. सीट एवढी खाली की गुडघे छातीला लागले. बोरीच्या पुलावरून गाडी सुटली. अर्ध्या चढावर इंजिनातून तो आवाज आला, डब्यातल्या खड्यांसारखा. इंद्रजितनं पाय उचलला.

खाली उतरून झाडाखाली गाडी लावली. इंद्रजितनं डबी जोडली. मूळ मॅप चढायला पंधरा मिनिटं लागली. शेठ दोनदा उतरून दोनदा आत बसले. रुद्रम्माच्या मनात एकच हिशेब चालला होता, भांड्यातल्या आकड्यात तर कुठं चूक नाही? नाही, तो तिनं दोनदा वाचला होता.

गाडी परत सुटली. पूल गेला. चढ लागला. अर्धा चढ गेला. इंद्रजितनं पाय पुरता दाबला. गाडी मघासारखी उडाली नाही, पण चढली. इंजिनाचा एकच एक आवाज, भरीव, कुठं खंड नाही. वर पठारावर आल्यावर त्यानं खिडकीची काच खाली केली आणि कान देऊन ऐकलं. बिरदेवनंही ऐकलं.

"परत एकदा," रुद्रम्मा म्हणाली.

"कशाला? वाजंना की."

"एकदा कळलेलं दोनदा बघावं, दादा."

दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. तिसऱ्यांदा तर इंद्रजितनं आपणहूनच गाडी वळवली होती.

पंपावर आल्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला. बराच वेळ चावी बोटात फिरवत होता. मग म्हणाला, "अक्का, लई बोललो काल. चुकलं माझं."

"माझं बी चुकलं व्हतं. फिटलं."

"पर आता काय घालू? शंभर ऑक्टेनचं हैदराबादला मिळतंय म्हणं, पुण्याला बी."

"मिळतंय. त्यावर तुमचा मॅप बिनघोर चालंल. पर गाडी कुठं पळती तुमची?"

"हितंच की. तुळजापूर, सोलापूर, धाराशिव."

"मंग टाकी भराया दर बारीला हैदराबादला जानार? आन् एक दिस जमलं न्हाई, साधं घातलं, की पिस्टन गेला. ट्यूनरला सांगा, हितल्या पंच्याण्णववर मॅप बसवून दे. आर, ओ, एन म्हणून सांगा, न्हाईतर परत तेच व्हईल. आन् उन्हाचं बी सांगा, बेचाळीस म्हणून."

"पंचवीस-तीस घोडे कमी व्हतील, अक्का."

बिरदेव मधेच म्हणाला, "चव्वेचाळिसाव्या मिनिटाला सोलापूर गाठायचास, आता पंचेचाळिसाव्याला गाठशील. तिथं कोण पूजेचं ताट घिऊन उभं हाय?"

पंपावर सगळे हसले. इंद्रजितही हसला. आबारावांचा टेम्पो त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी डिझेलला आला.

ट्यूनरशी फोनवर भांडण झालं ते झालंच. अमेरिकेचा कागद वाचून तसाच देणाऱ्या त्या माणसानं आधी मान्य केलं नाही, मग केलं, आणि दुसरा मॅप फुकट करून दिला. तो चढवल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत बिरदेवनं दोनदा प्लग काढून बघितले. चिनी माती स्वच्छ, फिकट बदामी. आता ठिपके नव्हते. ते प्लग त्यानं मुद्दाम पंपावर आणून रुद्रम्माला दाखवले आणि ती ते उजेडात फिरवून फिरवून बघत राहिली.

ही गोष्ट हायवेवर पसरायला वेळ लागला नाही. तिकडच्या तरण्या पोरांत गाड्या ट्यून करायचं वेड होतंच. सोलापूरकडून, उमरग्याकडून पोरं येऊ लागली. टाकी भरायच्या आधी रुद्रम्माला कागद दाखवायची. ती आधी आकडा बघायची, मग आकड्यापुढची अक्षरं. ज्याला पंच्याण्णव लागायचं त्याला ते द्यायची, नाही लागायचं त्याला साधं. ज्याला त्यातलं कुठलंच पुरणार नाही, त्याला तसं तोंडावर सांगायची. शेठना भीती होती, गिऱ्हाईक तुटेल. झालं उलटं. पंच्याण्णवची टाकी आधी महिन्यातून एकदा भरावी लागायची, ती आता तीनदा भरावी लागे. घेणारे कमी झाले नव्हते, बरोबर घेणारे वाढले होते. दिवाळीनंतर शेठनी तिला पहिल्या पाळीची प्रमुख केलं आणि पगार वाढवला. मागितला नव्हता. पहाटेचं माप मात्र तिनं दुसऱ्या कुणाकडं दिलं नाही. दोन नव्या पोरींना शिकवलं, गुडघ्यावर बसवून.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिनं आठ दिवसांची रजा काढली. पंधरा वर्षांतली पहिली सलग रजा. स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या, वर सळया बांधल्या गेल्या. तिनं टेप घेऊन दर दोन सळयांमधलं अंतर स्वतः मोजलं आणि एक अख्खी रांग सोडवून पुन्हा बांधायला लावली. गवंडी चिडला. "बाई, पाच इंच काय आन् सहा इंच काय!" ती म्हणाली, "सास्तूरला येऊन बघा, काय ते." गवंड्यानं पक्कड उचलली.

गुंडप्पा ट्रक लावून दोन दिवसांसाठी आला. सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला. बावीस माणसं, दुपारी तीनपर्यंत. रुद्रम्मानं त्यांच्याबरोबर घमेली वाहिली. मुकादम नको म्हणाला तरी वाहिली. दुसऱ्या दिवशी सिमेंटवर मातीची आळी केली आणि त्यात पाणी सोडलं. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. एक वेळही तिनं चुकू दिली नाही.

मार्चच्या शेवटी फळ्या निघाल्या. शिवलिंगप्पांची बाज आत नेली. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर एकेचाळीस अंश. म्हातारा बाजेवर आडवा झाला, वर बघितलं, आणि पाच मिनिटांत घोरू लागला. रुद्रम्मानं शेजारी चटई टाकली. थोडा वेळ ती डोळे उघडे ठेवून वरच्या सिमेंटकडं बघत राहिली. मग तिनंही डोळे मिटले. पंधरा वर्षं उभं राहून मिळवलेल्या पगारातून वीस फूट बाय अठ्ठावीस फुटांची स्लॅब झाली होती, आणि तिच्याखाली रुद्रम्माला झोप लागली.